सहा माणसांची बोट

गादीवालीला माणसाचं तोंड लक्षात राहत नसे, बूड राहत असे. एखादं गिऱ्हाईक दोन वर्षांनी परत आलं आणि ओळखीचं हसलं तरी ती गोंधळून बघत राही. मग ते वळून चालायला लागलं की तिची ट्यूब पेटे. हां, हा डावीकडे कलणारा. ह्याची गादी डाव्या कडेला दबते आणि उजवीकडे कोरी राहते. यात तिचा काही दोष नव्हता. न्हाव्याला डोकी दिसतात, शिंप्याला खांदे दिसतात. सव्वीस वर्षं बोटींच्या गाद्या शिवणाऱ्या बाईला आणखी काय दिसणार?

यार्ड तलावाच्या काठाला होतं. पत्र्याचं लांबलचक छप्पर, खाली लाकडी घोड्यांवर चढवून ठेवलेल्या बोटी, आणि पार शेवटच्या कोपऱ्यात खिडकीखाली तिचं जड पायांचं मशीन. जुन्या बोटी तिथे दुरुस्तीला येत, काही विकायलाही येत. बोटीतून काढलेल्या गाद्या तिच्यापुढे आणून टाकल्या जात. ती स्टेपल उपटी, रेक्झिन सोली, आतला फोम पिळून बघे, आणि पुन्हा मढवून देई. तेवढ्यात तिला त्या बोटीची सगळी कुंडली कळे. पुढच्या गाद्यांची शिवण कोरडी आणि मागच्यांचा दोरा कुजून काळा, म्हणजे बोट शेपटावर बसते आणि मागच्या माणसांना आंघोळ घालते. मधल्या गादीच्या कडेला नखांचे ओरखडे, म्हणजे नवरा जोरात हाकतो आणि बायको जीव मुठीत धरून बसते. तिचा अंदाज चुकल्याचं यार्डातल्या मेकॅनिकलाही आठवत नव्हतं, आणि मेकॅनिक काही कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यातला नव्हता.

एवढी जाणकार बाई, पण पाण्यावर ती जन्मात एकदाही गेली नव्हती. बोट तिच्याकडे यायची ती जमिनीवरून, जायची तीही जमिनीवरून, गाडीच्या मागे बांधून. फेरी मारून बघायला मालक जायचा, मेकॅनिक जायचा, गिऱ्हाईक जायचं. गादी काही फेरी मारून बघायची वस्तू नव्हे, तेव्हा गादीवालीला कोण नेणार?

घरी ती धाकट्या भावाकडे राहत असे. म्हणायला भावाकडे, खरं तर भाऊच तिच्याकडे वाढलेला. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही सतरा. त्याच्या शाळेची दप्तरं, त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, पुढे त्याच्या मुलाचे पहिले बूट, सगळं आधी घरच्या आणि मग यार्डातल्या मशीनच्या सुईखालून गेलं. तिचं स्वतःचं लग्न तेवढं राहिलं. कुणी विचारलंच तर ती म्हणे, दोरा संपला.

आता घरात भाऊ, भावजय, भाचा, भाच्याची बायको आणि त्यांच्या दोन मुली, थोरली आणि धाकटी, असे सहाजण होते. सातवी ती, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत. बटण तुटलं, पडदा उसवला, मुलीच्या शाळेच्या नाटकाला पंख हवे झाले की तिच्या दारावर टकटक व्हायची. एरवी ते दार भिंतीसारखंच होतं. कामापुरता मामा सगळ्यांना माहीत असतो. या घरात कामापुरती आत्या होती.

भाच्याला ऑफिसात बढती मिळाली आणि त्याच्या डोक्यात बोट शिरली. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तलावात जायचं, पोहायचं, डबे खायचे. दोन महिने जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. त्याच टेबलावर एकदा भाऊ बोलून गेला की पहिल्या फेरीला ताई पुढच्या सीटवर बसेल, कारण आपल्यात बोटीतलं कळतं ते एकट्या तिलाच. कुणी हो म्हटलं नाही, पण कुणी नाही असंही म्हटलं नाही. ती त्यालाच हो समजली. दुसऱ्या दिवशी तिनं सपाट रबरी तळाचे बूट आणले, आणि खोलीचं दार लावून, खिडकीचा गज धरून, ते घालून डोलून बघितलं. वयाच्या पासष्टीला आलेली बाई, लहान पोरीसारखी स्वतःशीच हसली.

भाच्यानं शोधून शोधून दोन बोटी पक्क्या केल्या आणि दोन्ही निघाल्या तिच्याच यार्डात. एक पांढरी, एक करडी. दोन्ही एकाच साच्यातल्या, लांबी तीच, रुंदी तीच, सुकाणूचं चाकही तेच. जुळ्या बहिणी म्हणा. फरक एवढाच, की पांढरीला बेताचं इंजिन होतं आणि मागे सातवी सीट होती. करडीच्या जुन्या मालकानं हौसेनं दीडपट मोठं इंजिन बसवलं होतं, आणि त्याला जागा करायला सातवी सीट काढून तिथे पाण्यात उतरायची फळी जोडली होती. चाकाशेजारी पितळी पट्टी असते, बोटीत किती माणसं आणि किती वजन चालेल ते सांगणारी. पांढरीच्या पट्टीवर सात माणसं होती, करडीच्या पट्टीवर सहा. वजन दोन्हींना साडेचारशे किलोच.

शनिवारी सगळं घर यार्डात आलं. यार्डाच्या मालकाची एक पद्धत होती. बोट विकण्याआधी तो अख्ख्या कुटुंबाला इंजिनं तोलायच्या काट्यावर चढवी आणि आकडे फळ्यावर खडूनं लिही. माणसं वयाचं खोटं एकवेळ कमी बोलतात, म्हणे, पण वजनाचं हमखास बोलतात, आणि खोट्या वजनावर बोट विकली की शिव्या मालकाला बसतात. त्यानं एकेकाला चढवलं. भाऊ चौऱ्याहत्तर. भाचा त्र्याऐंशी. त्याची बायको बासष्ट. थोरली चौतीस, धाकटी बावीस. भावजयीनं चपला काढल्या, पर्स काढली, गळ्यातली साखळीसुद्धा काढून नवऱ्याच्या हातात दिली, तरी काटा एक्क्याण्णववर जाऊन बसला. काटा बिघडलाय, असं ती म्हणाली. काटा बरोबर आहे हे दाखवायला मालकानं शेजारी उभ्या गादीवालीला वर चढायची खूण केली. एक्केचाळीस.

"वन्सं म्हणजे नुसता फोम," भावजय म्हणाली. "वरचं रेक्झिन उडालेलं."

सगळे हसले. गादीवालीही हसली. फळ्यावर सात आकडे एकाखाली एक उभे होते, सगळ्यांत खाली तिचा, आणि तो तिथे बघून तिला बरं वाटत होतं.

भाच्याला करडी हवी होती. पांढरी बघताना त्याचे हात खिशात होते, करडी बघताना बाहेर आले. त्याच्या बायकोला ती पाण्यात उतरायची फळी आवडली. मुली फळीवर बसून पाय हलवायला लागल्या. मग भाच्यानं पट्टी वाचली, सहा. सहाजण सहाजणांकडे बघत होते आणि सातवीकडे कुणी बघत नव्हतं.

आता बोललं नाही तर संपलं, हे तिला कळलं. मालक चार हातांवर उभा होता, त्याच्यासमोर त्याच्या मालाला नावं ठेवायची म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय. तरी ती बोलली, कारण ते खरं होतं.

"करडी घेऊ नका. ती शेपटावर बसते. तिच्या मागच्या गाद्या गेल्याच महिन्यात मी सोलल्यात. दोरा कुजून हातात आला, आणि पुढच्या गाद्या कोऱ्या करकरीत. इंजिन झेपत नाही तिला. नाकापेक्षा मोती जड."

भाच्यानं मालकाकडे बघितलं. मालकाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. तो म्हणाला की बाईंच्या हाताला तोड नाही, असा टाका जिल्ह्यात कुणाचा नाही. "पण एवढं विचारा त्यांना, पाण्यावर गेल्यात का कधी?"

"आत्या, बसली आहेस तू बोटीत कधी?"

"नाही."

"मग?"

ती गाद्यांचं पुन्हा सांगायला लागली. मागची शिवण, पुढची शिवण. सांगता सांगता तिला स्वतःलाच ऐकू आलं, की कमरेत वाकलेली एक बाई कुजलेल्या दोऱ्याची गोष्ट सांगते आहे आणि समोरचे लोक ती संपायची वाट बघताहेत.

"पांढरीत सात सीट आहेत म्हणून म्हणतेय आत्याआजी," थोरली म्हणाली. पोरीचं मन साफ होतं. गणित सुटल्यासारखी ती खूश झाली होती.

"पोरीला कळतं ते तुम्हाला सरळ सांगता येत नाही होय, वन्सं?" भावजय म्हणाली. "बूड टेकायला जागा हवी, तर तसं म्हणा. चांगल्या बोटीला कशाला नावं ठेवता?"

गादीवालीनं भावाकडे बघितलं. तो बुटाच्या टोकानं काट्याचा पत्रा घासत होता, जणू तिथला डाग आज काढला नाही तर जग बुडणार होतं.

करडी ठरली. मालकानं बेरीज करायला खडू उचलला तेव्हा भावजयीनं सांगितलं, ते खालचं पुसा. मालकानं तळहातानं पुसलं. सोमवारी गादीवाली कामावर आली तर तिच्या कोपऱ्यातला पंखा काढून मेकॅनिकच्या डोक्यावर लावलेला होता. उन्हाळाभर रेक्झिन तिच्या मांडीला चिकटत राहिलं.

पहिल्या फेरीहून सहाजण परत आले ते भिजलेल्या कोंबड्यांसारखे. वेग दिला की बोटीचं तोंड आभाळाला आणि शेपूट पाण्यात. मागे बसलेल्या भावजयीच्या मांडीत तलाव आला. भाच्याला चाकावरून पुढचं पाणी दिसेना, नुसतं आभाळ. आत्या म्हणाली होती तसंच झालं, असं त्या घरात कुणी म्हटलं नाही. भाच्यानं मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, त्यात काय एवढं, पुढे पायापाशी चाळीस किलो वाळूचं पोतं टाका, तोंड खाली बसेल. त्यानं आधी का सांगितलं नाही, हे भाच्यानं विचारलं नाही. माणूस फसला की फसवणाऱ्यापेक्षा, आधी सांगणाऱ्यावरच जास्त चिडतो.

पोतं टाकल्यावर करडी खरंच सरळ चालली. त्या रात्री जेवून झाल्यावर भाच्यानं मागच्या दारावर टकटक केली.

"आत्या, पोत्याला एक खोळ शिवून दे ना. सीटच्याच रंगाची. उघडं पोतं बरं दिसत नाही, मुली नाकं मुरडतात."

"किती किलोचं आहे?"

"चाळीस."

"मी एक्केचाळीस आहे."

भाचा हसला. त्याला वाटलं, आत्यानं विनोद केला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "अगं, पोत्याला सीट लागत नाही. ते पायापाशी पडून राहतं. आणि पट्टीवर माणसं मोजतात, पोती नाही मोजत."

तिनं खोळ शिवायला घेतली. एकदा मनात आलं, कच्चा दोरा घालावा. भर तलावात उसवेल, वाळू सगळ्यांच्या डब्यांत जाईल, भावजयीच्या दाताखाली कचकचेल. ती सुईत कच्चा दोरा ओवून बसलीही. पण हात ऐकेना. सव्वीस वर्षांत त्या हातानं बेइमानी केली नव्हती, आणि ती आता एका पोत्यासाठी शिकणार नव्हता. तिनं दोरा बदलला, दुहेरी टाका घातला, कडेला पाइपिंग लावली, उचलायला दोन बाजूंना पट्टे लावले. खोळ इतकी नेटकी झाली की पोतं पाव्हण्यासारखं दिसायला लागलं.

धाकटीनं त्यावर मार्करनं दोन डोळे आणि एक बारीक तोंड काढलं आणि त्याचं नाव ठेवलं आत्याआजी. भावजय इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. नंतर जो भेटेल त्याला ती सांगायची, आमच्या वन्सं हल्ली दर सुट्टीला बोटीत येतात, आणि बघा तरी, चकार शब्द बोलत नाहीत. शेजारणींपुढे सांगायची, फोनवर बहिणीला सांगायची. गादीवाली शेजारच्या खोलीत असली तर जरा मोठ्यानं सांगायची.

आठ-दहा फेऱ्या झाल्यावर एका रविवारी सकाळी चहा पिताना भाऊ अचानक म्हणाला की त्याचा गुडघा दुखतोय, आज त्याच्या जागी ताईला न्या. एवढं बोलून त्यानं रिकामा कपच पुन्हा तोंडाला लावला. हे वाक्य त्यानं किती दिवस तोंडात घोळवलं असेल ते तिला कळलं. कुणी बोलायच्या आत ती आत जाऊन बूट घालून आली.

धक्क्यावर सगळे आपापल्या जागी बसले. भाऊ काठावर दोर धरून उभा राहिला. तिनं डावा पाय बोटीच्या काठावर ठेवला, आणि बोट तिच्या पायाखाली हलली. सव्वीस वर्षं जमिनीवर बघितलेली वस्तू जिवंत जनावरासारखी श्वास घेते आहे, असं तिला वाटलं. तिनं दुसरा पाय उचलायला घेतला.

"थांब, आत्या," भाचा म्हणाला. तो चाकामागून डावीउजवीकडे बघत हिशेब मांडत होता. डावीकडे बाबांचे चौऱ्याहत्तर असतात, उजवीकडे माझे त्र्याऐंशी. बाबांच्या जागी एक्केचाळीस आले तर बोट उजवीकडे कलेल. डावीकडे आणखी एक पोतं लागेल.

त्याची बायको म्हणाली की मुली उन्हात तापताहेत, काय ते लवकर ठरवा. थोरली उठून डावीकडे सरकली असती तर प्रश्न मिटला असता. पण थोरलीची जागा खिडकीची म्हणावी तशी, पुढची होती, आणि ती जागा सोड असं तिला कुणी म्हटलं नाही.

"एका माणसासाठी दोन पोती?" भावजय म्हणाली. "त्यापेक्षा माणूसच नको."

मग सगळ्यांनी भावाकडे बघितलं. गादीवालीनंही बघितलं. तिचा एक पाय बोटीवर होता, एक धक्क्यावर. भावानं गुडघा वाकवून बघितला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"ताई, उतर," तो म्हणाला. "आता तेवढा दुखत नाही. तुला पुढच्या वेळी नेऊ."

तिनं पाय मागे घेतला. भाऊ तिच्या अंगाला घासून बोटीत गेला आणि आपल्या जागेवर बसला, पाठ तिच्याकडे करून. त्यानं जाता जाता दिलेला दोर तिच्या हातात राहिला होता. आत्या, दोर सोड, असं भाचा म्हणाला, तो तिनं सोडला. बोट लांब गेली तेव्हा धाकटीनं पोत्याचा पट्टा धरून वर हलवला, टाटा केल्यासारखा, आणि भाऊसुद्धा हसला. त्याची पाठ हललेली तिला धक्क्यावरून दिसली.

यार्डात गाद्यांच्या गोदामावर एक खोली होती, पूर्वी राखणदार झोपायचा ती. तिनं त्याच दुपारी मालकाकडे ती मागितली. राखणदार फुकटात मिळतोय हे बघून मालक खूश झाला. पंख्याचंही बघू म्हणाला. कपड्यांची पेटी, अंथरूण, घरचं छोटं मशीन, एवढं सामान एका हातगाडीत एकाच खेपेत आलं. सहाजण संध्याकाळी परत आले तेव्हा मागच्या खोलीचं दार नेहमीसारखंच बंद होतं, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी भाच्याचा फोन आला. त्याच्या बायकोच्या बुटाच्या टाचेनं मागची गादी टराटरा फाटली होती. तो म्हणाला, आत्या, आज घरी येताना दाभण आणि रेक्झिनचा तुकडा घेऊन ये. चार रात्री ती घरी आली नव्हती हे त्याला अजून माहीत नव्हतं.

"घरी मी शिवत नाही," ती म्हणाली. "गादी यार्डात आणा आणि नंबर लावा."

शुक्रवारी गादी घेऊन भाऊ आला. बसनं आला होता, ओली जड गादी पोटाशी धरून, आणि शर्टवर तिचा ओला डाग उमटला होता. तो तिच्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला. मशीन चाललं होतं. ते थांबायची त्यानं वाट बघितली, पण ते थांबलं नाही, म्हणून मशीनपेक्षा मोठ्यानं त्याला बोलावं लागलं. आम्हाला वाटलं तुला रात्रीचं काम असेल, असं तो म्हणाला. मग म्हणाला की घरी बरं वाटत नाही. मग, ही म्हणते की वन्सं उगाच मनाला लावून घेतात. शेवटी त्यानं विचारलं, "ताई, घरी कधी येतेस?"

तिनं त्याच्या हातातली गादी घेतली, उलटी करून बघितली, पाठीमागे खडूनं दहा लिहिलं आणि रांगेच्या शेवटी भिंतीला टेकवून ठेवली.

"पुढे नऊ आहेत."

"मी थांबतो," तो म्हणाला.

तिच्या मशीनशेजारी गिऱ्हाइकांसाठी एक स्टूल होतं. भावाची नजर त्यावर गेलेली तिनं बघितली. त्याचा गुडघा आता खरंच दुखत होता. एका पायावरून दुसऱ्या पायावर तो भार टाकत होता त्यावरून तिला ते स्वच्छ कळत होतं, माणसांचं एवढंच तर तिला कळत असे. ती उठली, सोललेल्या रेक्झिनचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि त्या स्टुलावर ठेवला. मग परत बसली, आणि पहिली गादी ओढून घेतली.